जुन्या स्कूटरला पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः बजाज १५०, बजाज सुपर, सुरुवातीच्या काळातला चेतक आणि साताऱ्यात बनलेली प्रिया या ६ व्होल्टच्या टू-स्ट्रोक गाड्यांसाठी आहेत. या सगळ्या व्हेस्पाच्या कुळातल्या, त्यामुळे जुन्या व्हेस्पालाही यातलं बरंचसं लागू पडतं. लॅम्ब्रेटा आणि विजय सुपरवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळा प्रश्न आहे. गॅरेजमध्ये फ्लायव्हीलला सगळे मॅग्नेट म्हणतात आणि त्याच्यामागच्या कॉइलवाल्या चकतीला प्लेट. इथेही तेच शब्द वापरले आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा उघड-मीट होणारा जोड) हा आजार नाही. नीट लावलेल्या पॉइंटवर या गाड्यांनी नवरा-बायको, दोन पोरं आणि पुढे गॅस सिलिंडर असा संसार वर्षानुवर्षं ओढला आहे. बदल जरूर करा, पण गाडीचा खरा दोष कुठे आहे ते आधी शोधा. नाहीतर पैसे जातील आणि दोष तिथेच राहील.

माझी गाडी पॉइंटची आहे की आधीच इलेक्ट्रॉनिक आहे, हे कसं ओळखायचं?

मॅग्नेटवरचं पंख्याचं कव्हर काढा. मॅग्नेटच्या तोंडावरच्या खिडकीतून टॉर्च मारली आणि आत उघड-मीट करणारे पॉइंट दिसले, तर प्रश्न मिटला. पॉइंट नाहीत, प्लेटवरून तीन-चार रंगीत वायरी निघून एका सीलबंद डबीत जातात आणि त्याच डबीतून प्लगची जाड वायर निघते किंवा शेजारी छोटी एचटी कॉइल (प्लगसाठी जास्त व्होल्ट तयार करणारी) आहे, तर गाडी सीडीआयवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर आहे.

गाडी कोणत्या साली बनली यावरून अंदाज बांधू नका. बजाजचा पियाजिओबरोबरचा करार १९७१ साली संपला आणि १९७२ मध्ये चेतक आला. त्यानंतर पुष्कळ वर्षं ६ व्होल्ट आणि पॉइंटच चालले, १२ व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक मॉडेल नंतरचं. मधल्या काळात कुठल्या मिस्त्रीने कुठल्या भंगार इंजिनाचं काय बसवलंय, हे आरसी बुकावर लिहिलेलं नसतं.

पॉइंट नेमकं काय करतात?

मॅग्नेट फिरला की प्लेटवरच्या प्रायमरी कॉइलमध्ये करंट तयार होतो. पॉइंट मिटलेले असेपर्यंत तो त्यांच्यातून सरळ बॉडीला अर्थ होत राहतो. ठरलेल्या क्षणी कॅम पॉइंटची फायबरची टाच उचलतो, पॉइंट उघडतात आणि करंट एकदम तुटतो. त्या तुटण्यामुळेच एचटी कॉइलमध्ये हजारो व्होल्ट उभे राहतात आणि प्लगवर ठिणगी पडते. पॉइंट उघडताना त्यांच्या तोंडावरच ठिणगी पडू नये, म्हणून कंडेन्सर (छोटा कपॅसिटर) तो धक्का पोटात घेतो.

सिंगल सिलिंडर टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी लागते. इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर असेल, तर तासाभरात पॉइंट २ लाख ४० हजार वेळा उघडतात. टाच झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडू लागतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, हळूहळू मागे सरकतं. गाडी एका दिवसात बिघडत नाही, महिन्या-महिन्याने मंद होत जाते, त्यामुळे चालवणाऱ्याला फरक कळतच नाही.

मग सीडीआयमध्ये वेगळं काय?

प्लेटवरची चार्जिंग कॉइल शे-दोनशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबाची वीज तयार करून डबीतल्या कपॅसिटरमध्ये भरते. मॅग्नेटची जागा ओळखणाऱ्या पिकअप कॉइलने इशारा दिला की डबीतला थायरिस्टर हा इलेक्ट्रॉनिक स्विच ती वीज एका झटक्यात एचटी कॉइलमध्ये सोडतो. एकमेकांवर आपटणारं किंवा घासणारं काहीच नाही, त्यामुळे एकदा लावलेलं टायमिंग तिथेच राहतं. ठिणगी फार थोडा वेळ टिकते, पण तिचा दाब इतक्या झपाट्याने चढतो की ऑइल-काजळीने माखलेल्या प्लगवरही ती पडते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनाला हा मोठाच फायदा आहे.

बदल करायलाच हवा का?

गाडी रविवारी सकाळी काढून चहापर्यंत जाऊन परत येत असेल, तर नको. चांगले पॉइंट, चांगला कंडेन्सर आणि वर्षातून एकदा तासभर लक्ष एवढ्यावर ती सुखाने चालेल, आणि तिचं मूळ रूपही राहील.

गाडी रोज ऑफिसला नेत असाल, डबलसीट घाट चढवत असाल, कोकणातल्या पावसात चालवत असाल, किंवा तुमच्या गावात पॉइंट लावता येणारा मिस्त्रीच उरला नसेल, तर बदल करणं शहाणपणाचं आहे. शेवटचं कारण आज सगळ्यात खरं आहे. पॉइंटचा गॅप नुसत्या डोळ्यांनी लावून कानाने तपासणारे जुने हात कमी होत चालले आहेत. नव्या मुलांना ते कुणी शिकवलेलंच नाही, त्यांचा काय दोष?

आणखी एक कारण सुट्या भागांचं. बाजारात मिळणारे पॉइंट आणि कंडेन्सर आता पूर्वीच्या दर्जाचे राहिलेले नाहीत. नवा कोरा कंडेन्सर पहिल्याच आठवड्यात गेला, अशी तक्रार वरचेवर ऐकू येते. एखाद्या पेटीत जुना, न वापरलेला कंपनीचा कंडेन्सर सापडला तर त्याचीही खात्री नाही, कारण आतलं इन्सुलेशन नुसतं पडून राहूनही खराब होतं.

गाडी थंड असताना एका किकमध्ये सुरू होते. वीस मिनिटांनी गरम झाली की बंद पडते आणि अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू होते. सीडीआय बसवल्यावर हे जाईल का?

बहुधा जाईल, पण त्याआधी पन्नास-शंभर रुपयांत जातं का ते बघा.

ही लक्षणं कंडेन्सरची आहेत. तो प्लेटवर, मॅग्नेटच्या आत, इंजिनाच्या उष्णतेत बसलेला असतो. जुना झाला की गरम झाल्यावर आतल्या आत गळू लागतो. अंधारात इंजिन चालू ठेवून मॅग्नेटच्या खिडकीतून बघा. पॉइंटवर बारीकशी निळसर चमक दिसली तर चालतं. लख्ख पांढरी-पिवळी ठिणगी उडत असेल, तर कंडेन्सर गेला. कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर असेल तर ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडच्या आसपास आकडा यायला हवा. मात्र थंड कंडेन्सर मीटरवर बरोबर दाखवतो आणि गरम झाल्यावर दगा देतो, म्हणून मीटरवर पूर्ण भिस्त ठेवू नका.

यावर एक मधला मार्ग आहे आणि तो मला मनापासून आवडतो. प्लेटवरचा कंडेन्सर कापून टाका आणि चांगल्या प्रतीचा दुसरा कंडेन्सर बाहेर, एचटी कॉइलजवळ, थंड जागी बसवा. त्याचं एक टोक पॉइंटकडून कॉइलला येणाऱ्या वायरीला आणि बॉडी पक्क्या अर्थला. पुन्हा कधी गेला तर मॅग्नेट न ओढता, रस्त्याच्या कडेला एका पान्यावर बदलता येतो. अनेकांचा इलेक्ट्रॉनिकचा हट्ट एवढ्यावरच थांबतो.

गरम झाल्यावर बंद पडण्याची कंडेन्सरखेरीज आणखी दोन कारणं आहेत: पेट्रोल टाकीच्या झाकणाचं बुजलेलं भोक आणि थकलेली एचटी कॉइल. गाडी बंद पडल्या-पडल्या प्लग काढून सिलिंडर हेडला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून प्लग भोकापासून लांब धरा. करंट येत असेल, म्हणजे प्लगवर ठिणगी पडत असेल, तर दोष इग्निशनमध्ये नाही.

पॉइंटच ठेवायचे ठरवले तर ते नीट कसे लावायचे?

तोंडं काळी पडली असतील तर अगदी बारीक पॉलिश पेपरने पुसून घ्या आणि मग स्वच्छ कागद मध्ये धरून ओढा, म्हणजे धूळ निघेल. खड्डे पडले असतील तर कानस मारत बसू नका, नवे घाला. पॉइंट जास्तीत जास्त उघडले असताना फिलर गेजने ०.४ मिमीच्या आसपास गॅप ठेवा; या कुळातल्या गाड्यांत ०.३ ते ०.५ चालतो. कॅमला घासणाऱ्या नमद्याला पॉइंट-ग्रीसचा किंवा ऑइलचा फक्त स्पर्श द्या. तो कोरडा राहिला तर टाच महिन्यात झिजते, ओला झाला तर ऑइल उडून पॉइंटवर जातं. गॅप लावल्यावर टायमिंग पुन्हा तपासा, कारण गॅप हलला की टायमिंग हलतंच.

कोणकोणत्या प्रकारच्या किट मिळतात?

आपल्याकडे सगळ्यात रूढ मार्ग म्हणजे नंतरच्या १२ व्होल्ट इलेक्ट्रॉनिक चेतकचा पूर्ण संच उचलणं: प्लेट, मॅग्नेट, सीडीआय, एचटी कॉइल आणि रेग्युलेटर. नवाही मिळतो आणि जुन्या बाजारातही. पुण्यात नाना पेठेत फेरी मारली तर बहुतेक काही ना काही हाती लागतं. जुना घेत असाल तर सगळे भाग एकाच गाडीतून उतरवलेले घ्या. प्लेट एकाची, मॅग्नेट दुसऱ्याचा आणि डबी तिसऱ्याची असा संच चालेलही, पण त्याचं टायमिंग कुठे पडेल हे कुणी सांगू शकत नाही.

दुसरा प्रकार परदेशी पूर्ण किटांचा. चेक प्रजासत्ताकातल्या वापे कंपनीच्या किट जुन्या व्हेस्पा-लॅम्ब्रेटावाल्यांत जगभर नावाजलेल्या आहेत. काम देखणं, प्रकाश भरपूर, किंमत मात्र स्थानिक संचाच्या कितीतरी पट. काही महागड्या किटांत इंजिनाचा वेग वाढला की टायमिंग आपोआप मागे येतं, त्यामुळे वरच्या वेगात इंजिन कमी तापतं. साध्या १५० सीसी गाडीला त्याची गरज नाही.

तिसरा प्रकार स्वस्त छोट्या मॉड्यूलचा: पॉइंटऐवजी एक डबी जोडायची, बाकी सगळं जुनंच. ६ व्होल्टचे दिवे तसेच राहतात, मॅग्नेट ओढायलाही लागत नाही. पण ही डबी जुन्या प्रायमरी कॉइलवर आणि जुन्या मॅग्नेटच्या ताकदीवरच चालते. ती दोन्ही थकलेली असतील तर किकवर ठिणगी पडत नाही, आणि टायमिंगही मूळ जागेवरून सरकतं. लांबच्या प्रवासाच्या गाडीला मी हा प्रकार सुचवणार नाही.

जुनाच मॅग्नेट ठेवून फक्त प्लेट बदलली तर?

नाही चालत. पॉइंटच्या आणि सीडीआयच्या मॅग्नेटमध्ये चुंबकांची मांडणी वेगळी असते आणि पिकअपला इशारा देणारी खूण जुन्या मॅग्नेटमध्ये नसते. प्लेट आणि मॅग्नेट जोडीनेच बदलायचे.

मॅग्नेट विकत घेण्याआधी क्रँकचा टेपर (मॅग्नेट बसतो तो निमुळता भाग) जुळतो का ते पाहा. व्हेस्पा कुळात सगळ्या क्रँकची टोकं एका मापाची नाहीत. व्हेस्पाच्या पीएक्स या नंतरच्या मॉडेलचा मॅग्नेट जुन्या व्हेस्पाच्या बारीक क्रँकवर बसत नाही. चेतकचा इलेक्ट्रॉनिक मॅग्नेट जुन्या बजाजच्या क्रँकवर बऱ्याचदा बसतो, तरी पैसे देण्याआधी प्रत्यक्ष लावून बघा. टेपरवर मार्करची शाई फासा, मॅग्नेट हाताने दाबून थोडा फिरवा आणि काढा. शाई सगळीकडे सारखी पुसली गेली तर बसणी पक्की. एकाच टोकाला पुसली गेली तर तो मॅग्नेट परत करा.

काम सुरू करण्याआधी इंजिनात काय तपासावं?

हाच भाग लोक सोडून देतात, आणि पुढचा सगळा त्रास इथूनच येतो.

मॅग्नेट दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर मॅग्नेटकडचं बेअरिंग गेलेलं आहे. पॉइंटच्या गाडीत बेअरिंग झिजलं की क्रँक डोलतो, प्रत्येक फेऱ्याला गॅप बदलतो आणि गाडी मिसिंग करते. मिस्त्री पॉइंट बदलतो, कंडेन्सर बदलतो, मिसिंग जात नाही. मग कुणीतरी सुचवतं, इलेक्ट्रॉनिक करून टाका. केल्यावर मिसिंग थांबतं, मालक खूश होतो, आणि आत बेअरिंग खातच राहतं. एक दिवस मॅग्नेट प्लेटवर घासतो आणि नव्या कॉइल सोलून काढतो. बेअरिंग आधी बदला. कदाचित त्यानंतर पॉइंटही सुतासारखे चालतील.

मॅग्नेट आणि प्लेट काढल्यावर क्रँकभोवतीचं ऑइल सील दिसतं. प्लेट ऑइलने चिकट असेल, तर सील गळतंय. तिथून हवाही आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापून जाम होतं. एवढं उघडलंच आहे तर सील नवं घाला.

क्रँकच्या टोकाचे आटे आणि अर्धगोल चावीची खाच पाहा. मॅग्नेटला जागेवर घट्ट धरतो तो टेपर, चावी फक्त जागा दाखवते. नट ढिला राहून मॅग्नेट कधी घसरला असेल तर खाच रुंदावलेली असते. थोडा ओरखडा असेल तर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून मॅग्नेट हाताने घासून बसवा आणि पेस्टचा कण न् कण पुसून काढा. खाच फाटली असेल तर क्रँकचंच काम निघालं समजा.

बसवण्याचा क्रम काय?

पेट्रोलचा कॉक बंद. प्लग काढा. जुन्या प्लेटवर आणि इंजिनच्या केसिंगवर एक सरळ ओरखडा मारून मूळ जागेची खूण करा आणि मोबाइलवर फोटो घ्या. पुढेमागे पॉइंट परत लावायचे झाले तर ही खूण सोन्याच्या मोलाची.

मॅग्नेट धरायला होल्डर आणि ओढायला योग्य पुलर वापरा. काही व्हेस्पा मॅग्नेटमध्ये नटासमोर सर्क्लिप असते. नट सोडत गेलात की तोच मॅग्नेट बाहेर ओढतो. अशा मॅग्नेटची सर्क्लिप आधी काढू नका. क्रँकच्या टोकावर हातोडा मारणं पूर्ण टाळा, त्याने आटे बसतात आणि चुंबकही तडकतात.

प्लेट जिथे बसते ती जागा ऑइल-रंगापासून स्वच्छ करा. वायरी जुन्याच रस्त्याने, रबरी बुशमधून काढा आणि मॅग्नेटला कुठेही शिवणार नाहीत अशा बांधा. मॅग्नेट लावून हाताने दोन-चार फेरे फिरवा. कुठेही खरखर आली नाही पाहिजे. नट टॉर्क रेंचने आवळा. पीएक्सला ६ ते ६.५ किलोग्रॅम-मीटर दिलेला आहे, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. मॅग्नेटचे पंखेच इंजिन थंड ठेवतात, म्हणून कव्हर परत लावल्याशिवाय गाडी फार वेळ चालवू नका.

टायमिंग कसं लावायचं? प्लेटवरच्या खुणेवर ठेवलं तर पुरे ना?

पुरे नाही. खूण सुरुवातीपुरती. स्थानिक संचांत चावीची खाच, चुंबकाची जागा आणि पिकअप यांत थोडा-थोडा फरक असतो, आणि तिन्हींची बेरीज सहज चार-पाच अंशांवर जाते. बजाज १५० चा स्ट्रोक ५७ मिमी आहे. कनेक्टिंग रॉड १०५ मिमीचा धरला, तर टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर पोचतो त्या जागेच्या) २२ अंश आधी पिस्टन वरून २.६ मिमी खाली असतो आणि १८ अंशांना साधारण १.८ मिमी. चार अंशांची चूक म्हणजे पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त. टायमिंग तेवढं पुढे गेलं तर घाटात इंजिन ठोकायला लागेल, तापेल, जाम होईल किंवा पिस्टनला भोक पडेल. मागे गेलं तर गाडी सुस्त होईल आणि सायलेन्सर भाजेल. सुस्तीवर इलाज करता येतो, भोक पडलेला पिस्टन फेकावा लागतो. त्यामुळे शंका असेल तिथे एक-दोन अंश मागे ठेवा.

आधी खरा टीडीसी शोधा. जुन्या प्लगमधलं पोर्सेलेन काढून त्यात गुळगुळीत टोकाचा बोल्ट पक्का करा, म्हणजे पिस्टनला अडवणारा स्टॉपर तयार झाला. तो प्लगच्या भोकात लावा आणि मॅग्नेट हलक्या हाताने एका दिशेला अडेपर्यंत फिरवा. केसिंगवरच्या एका स्थिर खुणेसमोर मॅग्नेटवर रेघ मारा. आता उलट दिशेला अडेपर्यंत फिरवून दुसरी रेघ मारा. दोन रेघांचा नेमका मध्य म्हणजे टीडीसी. स्क्रू ड्रायव्हर भोकात घालून 'वर आला वाटतं' अशा अंदाजाने काढलेल्या टीडीसीवर विसंबू नका, कारण वरच्या टोकाला पिस्टन काही अंश जवळपास हलतच नाही.

मग मॅग्नेटचा घेर टेपने मोजा आणि ३६० ने भागा. समजा घेर ६३० मिमी आला, तर एक अंश म्हणजे १.७५ मिमी आणि २२ अंश म्हणजे ३८.५ मिमी. टीडीसीची रेघ त्या स्थिर खुणेसमोर येण्याआधी जी जागा खुणेसमोरून जाते, तिथे हे अंतर मोजून दुसरी रेघ मारा. अंश किती, ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्या. पीएक्स १५० च्या सीडीआयला १८ अंश दिलेले आहेत, जुन्या पॉइंटच्या गाड्यांत आकडा सहसा त्याहून जास्त असतो.

पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून, तो सुटतो तो क्षण पकडता येत असे. सीडीआयमध्ये इंजिन चालू असल्याशिवाय टायमिंग दिसत नाही, त्याला टायमिंग लाइटच (प्रत्येक ठिणगीला लुकलुकणारा दिवा) हवी. लाइटला वेगळ्या १२ व्होल्ट बॅटरीवरून वीज द्या, गाडीच्या वायरिंगमधून नको. आयडलिंगला आणि मग थोडं थ्रॉटल देऊन, दोन्ही वेळा बघा. रेघ जागेवर नसेल तर प्लेटचे स्क्रू सैल करून ती हलवा. मॅग्नेट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने प्लेट फिरवली तर टायमिंग मागे जातं, विरुद्ध फिरवली तर पुढे. ज्याच्याकडे टायमिंग लाइट नाही, त्या मिस्त्रीला हे काम देऊ नका, मग तो कितीही जुना असो.

६ व्होल्टचे दिवे आणि हॉर्न यांचं काय?

पूर्ण संच बसवलात तर गाडी १२ व्होल्टची होते. हेडलाइट, टेललाइट, ब्रेकलाइट, स्पीडोमीटरचा दिवा असे सगळे बल्ब १२ व्होल्टचे घाला. एकही ६ व्होल्टचा राहिला तर पहिल्या थ्रॉटलला उडेल. हॉर्नही बदला. रेग्युलेटर न लावता गाडी चालू करायचीच नाही. वेग वाढला की व्होल्टेज भरमसाट चढतं आणि सगळे बल्ब एकदम जातात. रेग्युलेटरची बॉडी रंग खरवडून धातूला पक्की आवळा.

प्रकाशातला फरक पहिल्याच रात्री कळतो. खरं सांगायचं तर अनेकांना सीडीआयपेक्षा या उजेडाचाच आनंद जास्त होतो.

चावी किंवा स्टॉपचं बटण चालेल का?

बहुतेक बॅटरी नसलेल्या गाड्यांत चालतं. पॉइंटमध्ये बटण प्रायमरीला अर्थ करून गाडी बंद करतं, सीडीआयमध्ये डबीची स्टॉपची वायर अर्थ करून. काही जुन्या व्हेस्पांत मात्र ब्रेकलाइट इग्निशनच्याच सर्किटमध्ये गुंफलेला असतो. तिथे वायरिंग जसंच्या तसं ठेवलं तर डबी जळू शकते, ते वेगळं करून घ्या. वायरींच्या रंगांबाबत दुसऱ्याच्या गाडीवरून जाऊ नका, तुमच्या संचाबरोबर आलेला कागद प्रमाण माना.

सगळं बसवलं, पण करंटच येत नाही.

पहिला संशय अर्थिंगवर. रंगकाम करून नवी कोरी केलेल्या गाड्यांत हा दोष हमखास सापडतो: प्लेटच्या, डबीच्या आणि कॉइलच्या बुडाखाली जाड रंग बसलेला असतो, आणि इंजिन तर रबरी बुशवर टांगलेलं. इंजिनपासून बॉडीपर्यंत एक वेगळी अर्थ वायर ओढा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

मग स्टॉपची वायर डबीपासून सोडवून किक मारा. करंट आला तर दोष बटणात किंवा वायरिंगमध्ये. नाही आला तर मल्टिमीटर काढा. पीएक्सच्या प्लेटवर हिरव्या आणि पांढऱ्या वायरींमध्ये सुमारे ५०० ओहम आणि लाल-पांढऱ्यात सुमारे ११० ओहम यायला हवेत. तुमच्या प्लेटचे आकडे वेगळे असू शकतात, पण मीटर शून्य किंवा अनंत दाखवत असेल तर ती कॉइल गेलेलीच. कॉइल बरोबर असतील तर ओळखीच्याकडून चालू डबी आणून लावून बघा. डबीची खरी परीक्षा हीच.

दोन गोष्टी सांभाळा. प्लग जोडून हेडला टेकवल्याशिवाय किक मारू नका. वाट न मिळालेली वीज कॉइल आणि डबी दोन्ही फोडू शकते. आणि चार्जिंग कॉइलच्या वायरींना इंजिन फिरत असताना हात लावू नका, तो झटका पॉइंटच्या झटक्यापेक्षा जबर असतो.

प्लग कोणता?

व्हेस्पा कुळाला आखूड आट्याचा, एनजीके बी७एचएसच्या जातीचा. गॅप ०.६ मिमी. सीडीआयला रेझिस्टन्स असलेली टोपी लावा, मोबाइल आणि रेडिओवरचा खरखराट कमी होतो.

ताकद आणि ॲव्हरेज वाढेल का?

पॉइंट नीट लावलेले असतील तर नाही. ठिणगी त्याच क्षणी पडत असेल तर इंजिनाला तिचा उगम कळत नाही. ज्यांना बदलानंतर गाडी पळायला लागल्यासारखी वाटते, त्यांचं टायमिंग आधी मागे गेलेलं असतं. सकाळची पहिली किक, पावसातलं चालणं आणि प्लगचं आयुष्य यांत मात्र खरा फरक पडतो.

लॅम्ब्रेटा आणि विजय सुपरला हेच लागू आहे का?

तत्त्व तेच, भाग वेगळे. आपल्याकडे लॅम्ब्रेटा मुंबईच्या एपीआय (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) कंपनीने बनवली, आणि लॅम्ब्रेटाच्या मूळ इटालियन कंपनीची, इनोचेंतीची, यंत्रसामग्री १९७२ मध्ये घेऊन लखनौच्या स्कूटर्स इंडियाने पुढे विजय सुपर काढली. लॅम्ब्रेटामध्येही टेपरची दोन मापं आहेत: एलआय मालिकेचा बारीक आणि जीपीचा जाड. तुमच्या इंजिनात मधल्या काळात कोणता क्रँक बसलाय हे उघडून, मोजून ठरवा आणि मगच प्लेट-मॅग्नेटची जोडी मागवा. बजाजचा संच यांना बसत नाही.

आरटीओची काही अडचण?

आरसीवर इग्निशनचा प्रकार नोंदलेला नसतो, त्यामुळे रोजच्या वापरातल्या गाडीला सहसा प्रश्न येत नाही. इंजिन नंबर असलेली केसिंग मात्र बदलू नका.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि तिची व्हिंटेज म्हणून नोंद करायची असेल, तर विचार करा. जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार अशा गाड्यांना नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, पण गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. शिवाय ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. अशा गाडीचे पॉइंट काढण्यात काहीच अर्थ नाही.

काढलेले भाग विकून टाकू का?

कृपा करून नको. मूळ मॅग्नेट, प्लेट, पॉइंट, कॉइल आणि ६ व्होल्टचे बल्ब तेलाच्या कागदात गुंडाळून, फोटो आणि गाडीचा नंबर लिहिलेल्या चिठ्ठीसह एका डब्यात ठेवा. या दर्जाचे भाग आता कुणी बनवत नाही, आणि गाडीच्या पुढच्या मालकाला, कदाचित तुमच्याच मुलीला, ते हवे असतील.

लांबच्या प्रवासाला सोबत काय ठेवू?

पॉइंटच्या गाडीत पॉलिश पेपर, फिलर गेज, एक कंडेन्सर आणि पॉइंटचा जोड. सीडीआयच्या गाडीत एक तपासून घेतलेली जादा डबी, कारण ती रस्त्यात दुरुस्त होत नाही आणि छोट्या गावात मिळत नाही. दोन्हीकडे दोन प्लग, प्लगपाना, हातभर वायर आणि इन्सुलेशन टेप. डबी घरून निघण्याआधी एकदा गाडीला लावून, दहा-पंधरा किलोमीटर चालवून मगच डिकीत टाका.